बकुळा

"आज आमची त्रिशला आप्पांचे जुने फोटो दाखवणार आहे," दादा माईकवर म्हणाला. "पण तिच्याकडं लॅपटॉप शिल्लक आहे का तेवढं आधी बघा. येईपर्यंत त्याची बकुळा झाली नसली म्हणजे मिळवली!"

कार्यालय खदखदून हसलं. मागच्या रांगेतली, मला धड न ओळखणारी माणसंसुद्धा हसली, कारण आमच्या नात्यागोत्यात तो शब्द तोवर चांगला रुळला होता. छत्री विसरली, छत्रीची बकुळा. चष्मा सापडत नाही, चष्म्याची बकुळा. माझ्या सासरीही तो पोचला होता. माझा नवरा शीतल बँकेत निघताना स्कूटरची किल्ली शोधत फिरायचा आणि म्हणायचा, "तुझ्या माहेरची साथ आली बघ आमच्या घरात."

मीही हसले. हसण्यात माझा हात कुणी धरला नसता. स्टेजच्या खाली एका कडेला मला टेबल दिलं होतं, त्यावरचा लॅपटॉप उचलून मी लोकांना दाखवला. पुन्हा हशा झाला. स्टेजवर गुलाबी फेटा बांधून बसलेल्या आप्पांना बहुधा काही ऐकू गेलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हटल्यावर तेही हसले आणि त्यांनी मला हात केला.

आप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून जयसिंगपूरच्या त्या कार्यालयात हा सोहळा होता. आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकावी लागतात, त्यामुळे सगळी घाई चालली होती. औक्षण, मग सत्कार, मग फोटो आणि लगेच पंगती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ अभिनंदन, सगळीकडं नाचत होता. त्याला माईक हातात आला की फार चढतं.

बकुळा ही मुळात आमची म्हैस. माझ्या लहानपणी गोठ्यात होती, इतकी गरीब की पाहुणा धार काढायला बसला तरी लाथ मारायची नाही. तिचं नाव मी पुढं माझ्या व्हिडिओ कॅमेऱ्याला दिलं.

कॅमेरा घेतला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आईनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या त्यासाठी. "घे, कर काय करायचं ते," असं म्हणाली होती. आमच्या भागात तेव्हा लग्नाचं शूटिंग करणारी बाई नव्हती. चुडा भरताना, हळद लावताना, डोहाळजेवणात ओटी भरताना पुरुष कॅमेरेवाला समोर उभा राहिला की बायका अंग चोरून बसायच्या. मी गेले की सैल व्हायच्या. नाव घ्यायच्या, एकमेकींना चिमटे काढायच्या, रडायच्यासुद्धा मोकळेपणी. मला ते काम अतिशय आवडायचं. दुसरं कुठलंच काम मला तेवढं आवडलेलं नाही, नंतरही नाही.

त्या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो वायरशिवाय थेट कॉम्प्युटरला जोडता यायचा. मधे इंटरनेट नको, राउटरचा डबा नको, काही नको. कॅमेरा स्वतःच्या नावानं हाक मारायचा, लॅपटॉपच्या यादीत ते नाव दिसायचं, त्यावर बोट ठेवून एकदा खुणेचा शब्द, म्हणजे पासवर्ड, घातला की कॅमेऱ्यासमोरचं चित्र लॅपटॉपवर. कंपनीनं दिलेलं नाव आकड्यांनी भरलेलं होतं, म्हणून मी बदललं. त्याला मराठी अक्षरं चालत नव्हती, इंग्रजीत घालावं लागलं. घालताना बोट जास्त वेळ दाबलं गेलं आणि एल दोनदा पडला. बकुळाची बकुल्ला झाली. पुन्हा कोण बदलत बसतंय म्हणून तसंच ठेवलं. कुरुंदवाडच्या एका लग्नात ती हळदीच्या पाट्यावर आपटली, तेव्हापासून तिच्या चित्रात वरच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ यायची. तीही मी तशीच चालवून घेतली.

आणि एका सकाळी ती नाहीशी झाली. शिरोळचं लग्न उरकून दमून आले, बॅग बाहेरच्या खोलीत दिवाणावर ठेवली, दार नुसतं लोटून झोपले. उठून बघते तर बॅग नाही. दादाच पोलीस चौकीत जाऊन आला. "दार उघडं टाकून झोपल्यावर काय होणार? हिच्या हातात काही टिकायचं नाही," एवढंच म्हणाला. आप्पा मात्र कितीतरी दिवस शोधत होते. खाटेखाली वाकायचे, माळ्यावर चढायचे, गोठ्यात जाऊन वैरण उपसायचे. "घरातच असेल गं, नीट बघूया," हे एकच वाक्य. मी त्यांच्यावर ओरडायची, घरात कशी असेल आप्पा, चोरीला गेलीय! त्या वर्षाअखेर माझं लग्न झालं आणि मी मिरजेला गेले. अजून घरातून निघताना मी कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघते.

तर त्या दिवशी कार्यालयात मी फोटो नीट लावून घेत बसले होते. लॅपटॉप तोच होता, जुना, म्हाताऱ्यासारखा कण्हत सुरू होणारा. शूटिंगचं काम कुलभूषणकडं होतं. कुलभूषण म्हणजे सन्मतीवहिनीचा धाकटा भाऊ. पलीकडं चिकोडीला त्याचा स्टुडिओ आहे. साधा, हसतमुख मुलगा. आमच्याकडच्या कार्याला तो पहिल्यांदाच सामान घेऊन आला होता. एक मोठा नवा कॅमेरा त्यानं खांद्यावर घेतला होता आणि दुसरा एक छोटा स्टेजसमोर स्टँडवर लावून त्याच्यावर पाऊस लागू नये म्हणून घालतात तसलं काळं कापडी आवरण घातलं होतं.

बराच वेळ तो स्वतःच्या लॅपटॉपशी झटापट करत होता. शेवटी माझ्या टेबलाशी आला.

"ताई, तुम्हाला यातलं कळतंय म्हणं. बघा की ओ जरा."

"काय झालं?"

"त्यो छोटा कॅमेरा मोठ्या पडद्याला दावायचाय, औक्षणाला. वायर ओढली की बायकांच्या पायात येती, म्हणून सरळ वायरलेसनं जोडतोय. रोज जोडतंय, आज जोडंना झालंय. दुसरा कॉम्प्युटर आधीच जोडलाय म्हणतंय. एका वेळी एकच घेतंय ते."

"मग कुणीतरी जोडला असेल."

"कोण जोडंल ओ? खुणेचा शब्द कॅमेऱ्याच्याच पडद्यावर दिसतोय, त्यो मला सोडून कुणाला ठाव न्हाई."

मी सहज माझ्या लॅपटॉपचा कोपरा उघडून बघितला. त्याला एक खोड होती, ओळखीचं नाव जवळपास दिसलं की मला न विचारता जोडून मोकळा व्हायचा. यादीत सगळ्यात वर, जोडलेलं म्हणून, एक नाव होतं.

बकुल्ला. दोन एल.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. जुनं नाव कुठंतरी राहून गेलं असेल असं वाटलं. मग मी तो जुना प्रोग्रॅम उघडला. थोडा वेळ काळं, आणि मग चित्र आलं. स्टेज, गुलाबी फेटा, आप्पा खुर्चीत पाय हलवत बसलेले. वर उजव्या कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ.

"आयला, तुमच्यातच हाय की!" कुलभूषण आनंदानं म्हणाला. "कसं काय जोडलं ओ?"

"हा कॅमेरा कुठला रे, कुलभूषण?"

"ह्यो? पहिल्यापासनंचा हाय माझा. ह्याच्यावरच धंदा सुरू केला न्हवं. दाजींनी दिल्ता."

"दादानं?"

"व्हय. मी घरात रिकामा बसलोवतो, बाबा रोज तोंडाचा पट्टा चालवायचे. दाजी एक दिवस आले आणि हातात बॅगच दिली. जुना घेतलाय, चांगला हाय, कर सुरुवात म्हणाले. सख्खा भाऊ करायचा न्हाई, ताई." तो स्टँडकडं बघून हसला. "कोपऱ्यात एक रेघ येती तेवढी. पण मी काय टाकत न्हाई त्याला. लक्ष्मी हाय माझी."

"आणि हे नाव? तू दिलंस?"

"न्हाई ओ. बकुल्ला म्हणजे कंपनीचंच असणार ते. परदेशी वाटतंय."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. आमच्याकडं बकुळा बकुळा म्हणून चाललेली थट्टा त्यानं कधी ऐकली असेलच, पण पडद्यावरचं बकुल्ला आणि थट्टेतली बकुळा एकच, हे त्याला कशाला सुचेल? माझ्या बोटानं जास्तीचा एक एल टाकला आणि त्या एका एलच्या आड ती इतकी वर्षं सुखानं राहिली. चिकोडी म्हणजे कर्नाटक, दुसरं राज्य, तिथल्या लग्नांना आम्ही कधी जात नव्हतो.

"थांब जरा, आलेच मी," म्हटलं आणि उठले.

दादा मागच्या बाजूला हात धुण्याच्या नळांपाशी आचाऱ्यावर खेकसत होता. पंगत कधी बसणार, दिवस कुठं आलाय, वगैरे. आचारी गेल्यावर मी म्हटलं, "दादा, कुलभूषणला कॅमेरा तू दिलास?"

"कुठला?"

"स्टँडवरचा."

त्यानं नळ सोडला आणि हात धुवायला लागला. "असले कॅमेरे ढिगानं असतात."

"ढिगानं असतात. दोन एल घातलेली बकुळा एकच होती. माझ्या लॅपटॉपनं ओळखली तिला."

हात धुऊन झाले होते तरी तो धूत राहिला. मग स्वतःच्या फेट्याच्या शेमल्यालाच हात पुसले.

"आज नको, त्रिशला. आप्पांचा दिवस आहे."

"पोलीस चौकीत गेला होतास ना तू?"

"वाईट काय झालं सांग की तुझं! बँकेतला नवरा मिळाला, मिरजेत फ्लॅट आहे. नाहीतर अजून मांडवामांडवातनं स्टँड घेऊन फिरत असतीस. येणारी स्थळं काय म्हणून जायची ते तुला सांगितलं नाही कधी आम्ही. आणि तिकडं सासरे रोज फोन करत होते, पोरगं वाया चाललंय म्हणून. दोन्ही कामं झाली."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. अगदी बिनतोड सवाल टाकल्यासारखा. "आणि मी एकट्यानं काही केलेलं नाही. आईला विचार जा."

मला वाटलं, तो सुटायला आईचं नाव पुढं करतोय. लहानपणापासूनची त्याची रीत ती. तरी मी गेले. नवरीच्या खोलीत आई आरशासमोर उभी होती, औक्षणासाठी माझी मामेबहीण तिला नवी पैठणी नेसवत होती. मी मामेबहिणीला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"आई, माझा कॅमेरा कुलभूषणकडं आहे."

तिनं आरशातूनच माझ्याकडं बघितलं. दचकली नाही. हातातली पिन निऱ्यांना लावली, नीट बसली का बघितलं.

"कुणी सांगितलं?"

"तुला माहीत होतं?"

"मीच दिला की," आई म्हणाली. "तू झोपलीवतीस. अभीच्या हातात बॅग मीच दिली."

मला बसायला जागा शोधावी लागली. खोलीत सगळीकडं साड्या आणि नारळ पसरलेले होते.

"का?"

"का म्हणजे? सांगलीचं स्थळ मोडलं, बेळगावचं मोडलं. पोरगी चांगली आहे पण परक्या मांडवात कॅमेरा घेऊन फिरती म्हणायचे. तुला सांगून तू सोडणार होतीस काय? भांडली असतीस, घर डोक्यावर घेतलं असतंस. चोरीला गेला म्हटल्यावर गप बसलीस."

"माझा होता तो, आई."

"पाटल्या कुणाच्या होत्या?" तिनं हात पुढं केला. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, तेवढ्याच. पाटल्या तिनं पुन्हा कधी केल्याच नाहीत. "माझं होतं, मी दिलं. तुझ्यासाठी काढून दिल्या, तुझ्यासाठीच परत घेतलं. मला काय त्यातनं सोन्याची कौलं घालायची होती?"

"आणि इतकी वर्षं सगळे मला हसले ते?"

"मी म्हटलं काय कधी तो शब्द?"

खरंच, आईनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता. घरात कुणी बकुळा म्हटलं की ती उठून आत जायची. मला वाटायचं, माझा अपमान तिला सोसत नाही. या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर किती माया केली असेल, माझं मला ठाऊक. तेही तिनं त्या खोलीत, पैठणीचा पदर सारखा करता करता, माझ्याकडून काढून घेतलं.

"आप्पांना माहीत आहे?"

पहिल्यांदाच ती गडबडली. मागं वळली. "नाही. आणि सांगायचं नाही. त्यांना सोसणार नाही आता. अभीच्या संसारात विष कालवू नकोस. त्या पोराचं पोट आहे त्याच्यावर." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "झालं गेलं. चल, ओवाळायला उशीर होतोय."

बाहेर आले तर कुलभूषण माझीच वाट बघत उभा होता. "ताई, तेवढं सोडता काय? तुमचं सुटल्याबिगर माझं जोडत न्हाई."

मी टेबलाशी बसले. लॅपटॉपच्या पडद्यावर बायका ताटं घेऊन स्टेजवर चढत होत्या. मी त्यांना बकुळेच्या डोळ्यानं बघत होते, वरच्या कोपऱ्यातल्या रेघेसकट. बाण फिरवून चित्र जरा जवळ आणलं. अजून माझं ऐकत होती. आप्पांचा चेहरा पडदाभर झाला, फेटा कपाळावर घसरलेला, डोळ्यांत पाणी. याच आप्पांनी लांबच्या लग्नातून मला आणायला लूना काढली होती कितीदा, आणि घरी येईस्तोवर बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. मग जोडणी तोडायला गेले, तर लॅपटॉपनं विचारलं, हे नाव विसरायचं का? मी काही न सांगता झाकण मिटलं. पलीकडं कुलभूषण ओरडला, "झालं, जोडलं!" आणि मोठ्या पडद्यावर चित्र आलं.

ओवाळून झालं. आई आप्पांच्या शेजारी बसली. दादानं माईक घेतला. मघाचं काही झालंच नाही असा त्याचा आवाज होता, किंवा तसा ठेवायचा म्हणून जरा जास्तच चढा.

"आता लेकीची पाळी! त्रिशला, ये गं वर. दोन शब्द बोल आप्पांविषयी. आणि तो लॅपटॉप तिथंच ठेवून येऊ नकोस, नाहीतर..."

"बकुळा!" समोरून दोघातिघांनी पुरं केलं. हशा पिकला.

मी वर गेले. आप्पांच्या पाया पडले. ठरवून काही गेले नव्हते. आप्पांविषयी बोलायचं म्हणून घरून जुळवून आणलेली चार वाक्यं होती, तीच बोलायची होती. दादानं माईक माझ्या हातात दिला. तो अजून हसत होता आणि त्याचं ते हसू मी अगदी जवळून बघितलं.

"दादा," मी माईकवर म्हटलं, "बकुळा सापडली."

कार्यालय असं हसलं की काय सांगावं. टाळ्यासुद्धा पडल्या. भावाबहिणीची जुगलबंदी लोकांना फार आवडली. दादा तोंड उघडं टाकून उभा होता, आई मांडीवरच्या ताटातला नारळ चाचपत होती, आणि खाली स्टँडपाशी कुलभूषण एकदा माझ्याकडं, एकदा कॅमेऱ्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलले. बकुल्ला, असंच म्हणाला असावा.

आप्पांना मात्र या वेळी ऐकू गेलं. माईक त्यांच्या कानाशीच होता. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"सापडली?" ते म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्या कार्यालयात गेला. "खरंच? कुठं गं?"

आई माझ्याकडं बघत होती. उभ्या आयुष्यात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, ते त्या वेळी मागत होती.

"घरातच होती, आप्पा."

पुन्हा हशा. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आप्पांचा चेहरा मोठ्या पडद्यावर होता, कोपऱ्यातल्या रेघेसकट, आणि तो असा उजळला की मला बघवेना.

"बघ!" माझा हात दाबत ते म्हणाले. "मी तेव्हाच म्हणत होतो, घरातच असणार. तुम्ही कुणी नीट बघितलंच नाही."

मग पंगती बसल्या. सूर्यास्ताच्या आत सगळे जेवले. फोटो दाखवायचे राहिले ते राहिलेच. आता आप्पा नाहीत. आमच्या घरात वस्तू अजून हरवतात, पण त्या नुसत्या हरवतात. तो शब्द पुन्हा कुणी काढला नाही.